जागेचा रकाना

३ फेब्रुवारी

चि. खारू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून कागद वाया घालवत नाही.

तुझं पत्र मिळालं. आठ महिन्यांनी मावशीची आठवण झाली, तीही अर्ज भरण्यापुरती. असो. नोंदणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षं काढली आहेत, तेव्हा निदान योग्य माणसाला विचारलंस.

नीट वाच. आधी कर क्रमांक, मग धंद्याची नोंदणी. लोक उलटं करतात आणि दोन्ही अर्ज हातात घेऊन घरी परततात. कर क्रमांक माणसाचा असतो, जन्मभर एकच. नोंदणी धंद्याची. ‘मी एकटीच तर काम करते, माझा कसला धंदा,’ असं लिहिलं आहेस. घरी बसून लोकांच्या पुस्तकांच्या सूची करायच्या आणि प्रकाशकाकडून मोबदला घ्यायचा, याला धंदाच म्हणतात. यात लाजण्यासारखं काही नाही. नोंदणी क्रमांकावाचून पुढच्या खंडांचं काम देणार नाही असं तुझा प्रकाशक म्हणतो, ते बरोबरच आहे. मी असते तर पहिला खंडही दिला नसता.

जागेच्या रकान्यात पोस्टातल्या पेटीचा नंबर चालणार नाही. पेटीत बसून कुणी सूची करत नाही. आणि मला तरी हे कुठं चालतंय? सख्ख्या मावशीनं भाचीला ‘पेटी क्रमांक ११४’ वर पत्र घालायचं! घराचा पत्ता द्यायला काय होतं तुला?

जावईबापू मागच्या रविवारी येऊन गेले. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, वायसर बदलून दिला. तुझी खुशाली विचारत होते. मी म्हटलं, कामासाठी लांब गेली आहे, तिलाच विचारा. नुसते हसले. बायकोनं कामासाठी वेगळं राहावं, माझी हरकत नाही. पण नवऱ्याला चार ओळी लिहायला हात दुखतो का?

मावशी

११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचताना तुझा आवाज ऐकू आला. बरं वाटलं.

कर क्रमांक मिळाला. खिडकीवरच्या बाई तुझ्याच जातकुळीतल्या: मान वर न करता माझ्या चार चुका काढल्या.

मी एका शिंपीणबाईंच्या दुकानावरच्या खोलीत राहते. दिवसभर खाली मशीन खडखडत असते. ते थांबलं की समजायचं, दुकानात कुणीतरी आलं. मग मीही पेन खाली ठेवून ऐकत बसते. सवय लागली आहे. काम नद्यांवरच्या ग्रंथाचं आहे, तीन खंड. बुटांच्या खोक्यांत कार्डं भरून ठेवली आहेत. कोणतं नाव कोणत्या पानावर सापडेल, एवढंच सांगायचं असतं. मला हे काम मनापासून आवडतं, मावशी. आयुष्यात पहिल्यांदा माझं असं काही आहे.

अर्ज भरून सोबत पाठवते, तपासून दे. धंद्याचं नाव ‘पानोपानी’ ठेवलं आहे. जागेचा रकाना तेवढा कोरा ठेवला आहे. तो तसाच ठेवून चालेल का? आणि नोंदणीचं पान नंतर कोण कोण वाचू शकतं? मी हे विचारलं असं कुणाला सांगू नकोस. कुणालाच नाही.

घराचा पत्ता विचारू नकोस. कारण आहे.

तुझी खारू

१७ फेब्रुवारी

चि. खारू,

जागेचा रकाना कोरा ठेवायचा नसतो. एकतीस वर्षांत कोरा रकाना घेऊन आलेल्या एकाही माणसाचा अर्ज मी स्वीकारला नाही, मंत्र्याचा मेहुणा होता तरी. गिऱ्हाईकाला उद्या तक्रार करायची झाली तर त्यानं कुठं जायचं? म्हणून नोंदवही सगळ्यांना उघडी असते. कुणीही यावं आणि वाचावं. त्या वहीत खोडरबर नाही. जागा बदलली तर जुन्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. आता वही पडद्यावर गेली आहे, पण रेघ तशीच आहे, मी खात्री करून घेतली. मालकाच्या नावावरून शोधता येत नाही, ती सोय अजून केलेली नाही. धंद्याचं नाव ठाऊक असलं तर पान निघतं. पान निघालं की मग सगळं दिसतं: मालक, जागा, जागेचा फोटो.

ज्याला लपायचं आहे त्यानं धंदा करू नये. तू कर चुकवणारी नाहीस, मग घाबरतेस कशाला?

बाकी अर्ज ठीक आहे. धंद्याच्या स्वरूपात नुसतं ‘सूची’ लिहू नकोस, भाजीचीही सूची असते. ‘पुस्तकांच्या अखेरीस द्यायच्या विषयसूची तयार करणे’ असं लिही.

जावईबापू परत आले होते, तासभर बसले. माझ्या नोकरीबद्दल विचारत होते. या वयात कोण विचारतं गं? खिडकी, शिक्के, रेघ, सगळं मन लावून ऐकलं. जाताना माझ्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून दिली. एकेक सुरी जुन्या वर्तमानपत्रावर फिरवून दाखवली. कागदाच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या निघत होत्या. हे स्थळ मी आणलं, याचा मला अजून अभिमान आहे.

मावशी

२७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नोंदणी झाली. खरा पत्ता लिहिला. धंद्याचं नाव तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, या एका गोष्टीवर विसंबून लिहिला.

निरीक्षक आले होते. टेबल पाहिलं, खुर्ची पाहिली, खोकी मोजली. ‘एवढंच?’ म्हणाले. मी म्हटलं, बाकीचं डोक्यात आहे. ते हसले नाहीत. रस्त्यावर उभं राहून दाराचा फोटो काढला. दाराला पाटी लावल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून वहीच्या पानाएवढी लाकडी पाटी करून घेतली. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा शिंपीणबाईंनी मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या. दुसरा खंड कालच आला.

त्यानं तुझ्या सुऱ्यांना धार लावली हे वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं.

मला एकाच प्रश्नाचं सरळ उत्तर दे. माझ्याबद्दल तू त्याला काय काय सांगितलं आहेस?

तुझी खारू

६ मार्च

चि. खारू,

अभिनंदन. घराण्यात स्वतःच्या नावानं धंदा नोंदवणारी तू पहिलीच बाई.

काय सांगितलं म्हणजे? जे खरं आहे ते. तुझं कौतुक करायला मला चोरी आहे का? जावईबापू काल त्यांचा लॅपटॉप घेऊन आले, म्हणाले, मावशी, तुमची वही पडद्यावर कशी दिसते ते तरी दाखवा. मी शोधायचं कसं ते शिकवलं. उदाहरणादाखल तुझंच पान काढलं. ‘पानोपानी’ टाइप केलं आणि लगेच निघालं! खाली सायकल टेकवलेली, वर तुझी पाटी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. त्यांनी काही लिहून घेतलं नाही, एकदाच वाचलं. माणसाची स्मरणशक्ती चांगली आहे. फोटो मोठा करून बराच वेळ पाहत होते. ‘जिना बाहेरून आहे,’ एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तुला न कळवता भेटायला येणार आहेत. मला बोलू नका म्हणाले होते, पण आमच्या खात्यात गुपितं ठेवायची पद्धत नाही. तेव्हा घर आवरून ठेव, आणि बोलणं जरा गोड ठेव.

मावशी

१० मार्च

मावशी,

पोस्टाच्या बाकावर बसून लिहिते आहे. तासाभरात गाडी आहे.

जिना बाहेरून आहे, म्हणजे खालच्या बाईंना ओलांडून यावं लागत नाही. त्यानं फोटोत तेवढंच पाहिलं.

मी कामासाठी घर सोडलं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी तुला म्हटलं होतं, आमच्या झोपायच्या खोलीच्या दाराला कडी बाहेरून आहे. आठवतं? तू भांडी विसळत होतीस. ‘सुताराची चूक असेल,’ म्हणालीस. मग मी पुढचं सांगितलंच नाही. तो बाहेर जाताना कडी लावून जायचा. कधी दोन तास, कधी दोन दिवस. परत आला की नम्रपणे विचारायचा, कंटाळली नाहीस ना? शेवटच्या वेळी मी सुटले कारण कडी नीट बसली नव्हती. जाताना त्यानं सांगून ठेवलं होतं, पुढच्या वेळी उघडायला यायचोच नाही.

खोकी शिंपीणबाईंकडे ठेवली आहेत. पाटी दारावरच राहिली.

मी लिहीपर्यंत लिहू नकोस.

खारू

२० मार्च

मावशी,

नव्या गावात आहे. पेटी क्रमांक ६२, गावाचं नाव पाकिटावरच्या शिक्क्यात दिसेल. पाकीट जाळून टाक.

तो मंगळवारी तिथं पोचला. शिंपीणबाईंनी कळवलं. सरळ जिना चढून गेला, दार वाजवलं, थांबला, परत वाजवलं. मग खाली येऊन त्यांना विचारलं, फार गोड बोलला. त्यांनी ‘मला काही ठाऊक नाही’ म्हटल्यावर परत वर गेला आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून पाटी उतरवली. पाटी घेऊन गेला. चारही स्क्रू वरच्या पायरीवर एका ओळीत ठेवून गेला.

आता तुझ्याच खात्याची अडचण. जागा सोडल्यापासून तीस दिवसांत नवी जागा नोंदवायची, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे नऊ एप्रिल. प्रकाशकाला रद्द क्रमांक चालत नाही, आणि दुसरा खंड अर्धा झाला आहे. नवी जागा नोंदवली तर त्याला फक्त पान उघडायचं आहे. मी कुठंही गेले तरी तुझ्या वहीत मला यावंच लागतं. यातून वाट आहे का? नसेल तर नोंदणी मरू देते. काम सोडून देते.

खारू

२६ मार्च

चि. खारू,

आठवतं. भांडी स्टीलची होती, आणि मला घाई होती.

माफी मागून तुझं काम होणार नाही, म्हणून काय केलं ते लिहिते. सुताराला शोधून काढलं. म्हातारा झाला आहे, पण दार त्याला आठवत होतं. म्हणाला, ‘बाई, मी त्यांना दोनदा विचारलं, कडी आतून ना? दोन्ही वेळा म्हणाले, बाहेरून.’ मग म्हणाला, ‘तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं.’ मी त्याला सांगितलं, मला तर एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

पोलिसांकडे गेले. नवरा बायकोला शोधतो आहे, यात गुन्हा काय, असं मला तोंड वर करून विचारलं. दरवाजा मोडला का? नाही. मारलं का? नाही. मग आजी, घरी जा.

मग कार्यालयात गेले. तीन नंबरच्या खिडकीत आता एक पोरसवदा बाई बसते, शहाणी आहे. नियम असा: धंद्याची जागा नातेवाइकाच्या घरातली खोली असू शकते, घरमालकाची संमती हवी. घरमालक मी. अर्ज सोबत आहे. जागेच्या रकान्यात माझ्या घरातली मागची खोली लिहिली आहे. तू कुठंही राहा, वहीत तू माझ्याकडे. नोंदणी जिवंत राहील, काम चालू राहील. खाली सही करून पाठव.

मावशी

३० मार्च

मावशी,

अर्ज सही न करता परत पाठवते आहे.

तो रोज पान उघडून बघत असणार. रेघ पडली आणि तुझं घर दिसलं की सरळ तुझ्याकडे येईल. तू एकटी राहतेस. वय अडुसष्ट. आणि तुझ्या घरात कोणती सुरी कुठं असते हे त्याला ठाऊक आहे.

नद्यांचे खंड प्रकाशक दुसऱ्या कुणाकडून करून घेईल.

खारू

३ एप्रिल

चि. खारू,

सहीचाही रकानाच असतो, आणि कोरा रकाना मी स्वीकारत नाही, हे तुला आधीच लिहिलं आहे. परत पाठवते.

माझ्याकडे तो येणारच आहे. काल आला होता. तुझी पाटी माझ्या टेबलावर ठेवली, म्हणाला, ‘आपल्या माणसाची वस्तू रस्त्यावर बरी दिसत नाही, मावशी.’ मी चहा दिला. एकतीस वर्षं लोकांसमोर चेहरा कोरा ठेवायची सवय आहे, पहिल्यांदाच घरात उपयोगी पडली. म्हणाला, तीस दिवसांत बदल नोंदवावा लागतो ना? मीच शिकवलं आहे त्याला. पाटी परत घेऊन गेला. ‘ती जिथं असेल तिथं मी स्वतः लावून देईन,’ म्हणाला.

तेव्हा प्रश्न एवढाच आहे की त्यानं कुणाच्या दारावर यायचं. त्याला पान उघडायला मी शिकवलं, त्या पानावर काय वाचायचं तेही मीच ठरवणार.

नद्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायच्या नाहीत. मूर्खासारखं लिहू नकोस.

गुरुवारी सुतार येणार आहे, मागच्या खोलीत थोडं काम आहे. सही कर.

मावशी

६ एप्रिल

मावशी,

सही केली आहे. तीनदा पेन उचललं.

रात्री एकटी राहू नकोस. सुतारकाकांना नमस्कार सांग.

खारू

१७ एप्रिल, दुपारचा सव्वा वाजला

चि. खारू,

घाईत लिहिते आहे. शेजारीणबाई चप्पल घालून दारात उभ्या आहेत, पत्र त्यांच्याबरोबर जायचं आहे.

अर्ज आठ तारखेला दाखल झाला. तेरा तारखेला निरीक्षक येऊन मागच्या खोलीचा आतून फोटो काढून गेला; जागाबदलाला पाटी लागत नाही. काल मी पान उघडून पाहिलं. तुझ्या जुन्या जागेवर रेघ, खाली माझं घर. आज बारा वाजता तो आला. एका हातात पाटी, खिशात स्क्रू-ड्रायव्हर.

‘आली ना?’ म्हणाला.

मी म्हटलं, ‘जावईबापू, हळू बोला. आत सूची करत बसली आहे.’ जन्मात पहिल्यांदा खोटी नोंद केली. टेबलावरचा दिवा लावून ठेवला होता, तुझ्यासारखी खोकी मांडून ठेवली होती. पाटी मला धरायला दिली, केसांवरून हात फिरवला, आत गेला. मी दार ओढलं आणि कडी लावली. नवी कडी आहे, बोटाएवढी जाड.

आधी तुझ्या नावानं हाक मारली. मग अगदी नम्रपणे म्हणाला, ‘मावशी, दार अडकलंय. कडी बाहेरून आहे का हो?’

मी म्हटलं, ‘सुताराची चूक असेल.’



चौकीवर फोन केला आहे. माणूस निघाला म्हणतात. या वेळी घरात घुसलेला पुरुष आहे, म्हणजे निदान येतील. आले तरी संध्याकाळपर्यंत सोडतील, हे मला कळतं. पण हे घर त्यानं आतून पाहिलं आहे, तू इथं नाहीस, आणि वहीत यापुढे दुसरी जागा कधीच दिसणार नाही. हवं तर रोज पान उघडू दे.

एक गोष्ट मात्र चुकली. खिडकीला गज आहेत ते पाहिलं होतं. दाराच्या बिजागऱ्या जुन्या आहेत, लांब पट्ट्यांच्या, खोलीच्या आतल्या बाजूनं बसवलेल्या. तेही पाहिलं होतं. त्याच्या खिशात काय असतं ते तू मला लिहिलं होतंस, तरी ध्यानात आलं नाही. पट्ट्या दोन, एकेका पट्टीला सहा स्क्रू. एकेक काढून जमिनीवर ठेवतो आहे. ठेवल्याचा आवाज येतो, अगदी हलक्या हातानं, घाई न करता. आतापर्यंत आठ मोजले.

सुतार दारासमोर मोगरी घेऊन उभा आहे. सुऱ्या सगळ्या सकाळीच शेजारी नेऊन ठेवल्या. माझी काळजी करू नकोस, मी खुर्ची दारासमोर घेऊन बसले आहे. एकतीस वर्षं याच अंतरावरून लोकांना परत पाठवलं आहे.

तुझी सगळी पत्रं त्यांच्या पाकिटांसकट यात घालते आहे, माझ्या पत्रांच्या नकलाही. पाकिटं जाळ म्हणाली होतीस, जाळवली नाहीत. त्यांच्यावर तुझ्या गावाचे शिक्के आहेत. दार उघडायच्या आत ती या घराबाहेर गेली पाहिजेत, म्हणून एवढं लिहिते आहे.

दुसरा खंड वेळेवर दे. प्रकाशकाला दिलेली तारीख म्हणजे तारीख.

नववा झाला.

पेटी बदल. नवी कुठं घेतलीस ते मला कळवू नकोस. पत्र लिहिलंस तर वर गाव नको, नंबर नको, काही नको. जागेचा रकाना कोरा ठेव.

मावशी